गुळव्याचे पाय

आमच्या आबांचा उजवा पाय गेला तेव्हा गावात सगळे म्हणायचे, निखाऱ्यावर पडला म्हणून गेला. साफ खोटं आहे ते. निखारा अगदी शेवटी आला. त्याच्या आधी कितीतरी दिवस रोग आमच्या घरात राजरोस वावरत होता, पंगतीला बसत होता, आणि आम्ही सगळे मिळून त्याचं कौतुक करत होतो. मला अजून त्याचा संताप येतो. केस पिकले माझे, तरी कुणी पाहुणा दारात आला आणि सुनेनं पाण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडा पुढं केला की माझं डोकं फिरतं. काहीतरी वाकडं बोलून जाते मी. सून बिचारी खडा उचलून आत नेते. तिला वाटतं, सासूबाईंचा स्वभावच तिरसट. असू दे, वाटू दे.

आबा, म्हणजे माझे वडील, गुळव्या होते. पलूसच्या बाजूला कृष्णेकाठी आमचं गाव. मी सांगते ते बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-चार वर्षांचं. साखर कारखाने जोरात होते, पण गुऱ्हाळंही बंद पडलेली नव्हती. दिवाळी झाली की पेटायची ती शिमग्यापर्यंत. उसाचा रस काहिलीत उकळायचा. काहील म्हणजे एवढी थोरली कढई की आत दोन माणसं आडवी झोपतील. खालच्या चुलवाणात जाळ घालणारा माणूस वेगळा, रस ओतणारा वेगळा. पण पाक कधी उतरवायचा हे सांगायचा मान एकट्या गुळव्याचा. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो आणि शेतकऱ्याचं वर्षाचं कष्ट मातीत जातं. दुसरे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचे, बोटांत धरून तार बघायचे. आबा यातलं काही करायचे नाहीत. काहिलीच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, वर चढणाऱ्या वाफेकडं बघायचे, आणि एकदम म्हणायचे, "उतरा रं." गडी धावायचे.

मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, तुमी बुडबुडं बघत न्हाईसा, वाफ कशापायी बघतासा?"

"बुडबुडं कुनीबी बघंल, पोरी. वाफ आदी सांगती."

त्यांच्या वाफ बघण्याची पंचक्रोशीत ख्याती होती. तासगावकडची माणसंसुद्धा बोलवायला यायची. मला माझ्या बापाचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे. शाळेत कुणी काही बोललं तर केस धरून भांडायची.

गुऱ्हाळाची एक रीत होती. पहिल्या दिवशी चुलवाणाची पूजा व्हायची, नारळ फुटायचा, आणि तिथून पुढं हंगाम संपेपर्यंत ती जागा देवघरासारखी. मालक असो, तलाठी असो, चपला दाराबाहेर काढायच्या. आबांनी तर चप्पल अशी कधी वापरलीच नाही. तळवे असे घट्ट झालेले की बाभळीचा काटा मोडून पडावा.

दुष्काळ सरला आणि पुन्हा गुऱ्हाळं लागली त्या साली आबांची तहान वाढली.

आमच्याकडं नुसतं पाणी कुणाला देत नाहीत. दारात आलेला माणूस ओळखीचा असो नसो, तांब्याबरोबर गूळ द्यायचा. नुसतं पाणी पुढं करणं म्हणजे माणसाला हिणवणं. घरच्या माणसालाही तीच रीत. आबा गुऱ्हाळावरनं आले की आई एका हातात तांब्या आणि दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा घेऊन उभी. पूर्वी एका तांब्यात भागायचं. मग दोन लागायला लागले. मग आबा कळशीच जवळ ओढून बसायला लागले. आणि आई प्रत्येक तांब्याला खडा द्यायची. तिचं म्हणणं, दिवसभर जाळापुढं उभा राहून माणूस सुकून येतो, रिकाम्या पोटी नुसतं पाणी बाधेल. जितकं पाणी मागत तितका ती गूळ देई, आणि तेवढा गूळ खाल्ल्यावर घसा पुन्हा कोरडा. कुणाला काय माहीत! ती बाई जीव लावून विष घालत होती आणि आबा हसत हसत खात होते. 

एवढं पाणी प्यायल्यावर उठावं लागणारच. आबा सारखे घराच्या मागच्या भिंतीकडं जायला लागले. झोपेतूनही उठायचे. त्या भिंतीपाशी काळ्या मुंग्यांची रांग लागली. अशी तशी नव्हे, माती हलल्यासारखी दिसायची. आईनं बघितलं आणि म्हणाली, "गुळव्याच्या घरात मुंग्या न्हाई यायच्या तर कुनाच्या घरात येतील?" खरंच होतं. आबांच्या धोतराला पाक चिकटलेला असायचा, पायाला काकवी लागलेली असायची, अंथरुणातसुद्धा मुंग्या सापडायच्या. आमच्या घरात मुंग्या म्हणजे कुणाला दचकायची गोष्टच नव्हती. शेजारची म्हातारी तर म्हणाली, मुंग्या येणं लक्ष्मीचं लक्षण, राख टाकू नका. आई चिमूटभर साखर घालून यायची. म्हणजे बघा.

दुसऱ्या कुणाच्या घरी, एखाद्या मास्तराच्या म्हणा, वाण्याच्या म्हणा, तिथं मुंग्या आल्या असत्या तर बाई म्हणाली असती, हे काय नवीन? आमच्या गोडानं आमचे डोळे झाकून टाकले होते.

मग आबा वाळायला लागले. जेवण दुप्पट झालं तरी अंगाला काही लागेना. सदरा खांद्यावरून लोंबायचा. गावातली माणसं म्हणायची, "गुळव्या लय राबतोय." कुणी म्हणायचं, दुष्काळानं खाल्लेला माणूस भरून यायला वेळ लागतो. प्रत्येक गोष्टीला लोकांकडं उत्तर तयार. माझ्या आईला ती सगळी उत्तरं पटायची, कारण दुसरं उत्तर तिला नको होतं.

त्याच सुमाराला आबांचे तळपाय आग करायला लागले. आई काशाची वाटी घ्यायची, तूप लावायची आणि तळवे घासत बसायची. वाटी काळी पडली की म्हणायची, "बघा, किती उष्णता हाय अंगात." पावसाळाभर तिनं हे केलं. आणि एके दिवशी आबा म्हणाले, "आता र्‍हाऊ दे. आग थांबली. काय बी होत न्हाई बघ पायाला." आई एवढी खूश झाली! वाटी धुऊन देवापुढं ठेवली तिनं. मीही खूश झाले. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असंच माणूस समजणार ना? पाय मरायला लागले होते, आणि आमच्या घरी गोडाचा शिरा झाला.

एकच माणूस बोलला. माझा मामा. कोरेगावचा, फौजेतून पेन्शनीत आलेला, मिशा पिळत बोलणारा. नागपंचमीला तो आईला न्यायला आला. गुऱ्हाळ बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते, घरात पाकाचा थेंब नव्हता, धोतरं कितीदा धुतली गेली होती. मामा परसाकडनं परत आला आणि ओट्यावर न बसता उभाच राहिला.

"दाजी, मागं भित्तीला मुंग्या कशाच्या?"

"गुळाच्या. आनि कशाच्या?"

"श्रावणात?"

आबा हसले. मामा हसला नाही. म्हणाला, "आमच्या युनिटात एक सुभेदारसाब हुता. असाच दिसभर पानी पानी करायचा, असाच वाळला. एमआय रूममधी, आमच्या फौजी दवाखान्यात, लघवी चेक केली तर निस्ती शुगर. तुमी माझ्यासंगं सांगलीला चला. एक दिसाचं काम हाय. आन् आजपास्नं गूळ बंद."

आबांचा चेहरा उतरला. मग ते चिडले. मी त्यांना मामावर चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"गुळव्याला गूळ बंद म्हंतोस व्हय रं? लोकांनी ऐकलं तर काय म्हनतील? गुळव्याच आपल्या गुळाला भितोय? कोन बलवंल मला?"

"आवं दाजी, जिवापरास..."

"बास. फौजेतलं फौजेत."

आणि आईला म्हणाले, "पावन्याला पानी दे." आईनं दिलं. गुळासकट. मामा पाणी प्यायला, गूळ मात्र त्यानं तसाच ताटलीत ठेवला. त्या दिवशी मला मामाचा राग आला. आता वाटतं, तेवढा एक माणूस आमच्यावर खरा जीव टाकत होता आणि आम्ही त्याला बोलून दुखावलं. पुढच्या पंचमीला तो आला नाही, निरोप पाठवला.

त्या पंचमीनंतरच्या हंगामात मी आबांची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेले होते. दुपारची वेळ. काहील भरात आली होती, आबा कडेला उभे होते, वाफेकडं डोळे लावून. चुलवाणातून एक निखारा उडाला होता की कुणाच्या खोऱ्यातून पडला होता, देव जाणे. मी भाकरी सोडायला बसले आणि मला वास आला. आधी वाटलं, चिपाडाबरोबर काहीतरी भलतंच जळतंय. चुलवाणावरचा माणूस पण वर बघायला लागला. म्हणाला, "कातडं जळल्यागत वास येतोय न्हवं?" सगळे इकडं तिकडं बघायला लागले. आबा हलले नाहीत. पाक हाताशी आला होता. मग मला त्यांच्या उजव्या टाचेखालून बारीक धूर निघताना दिसला.

मी किंचाळले. आबांनी माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, आणि पाय उचलला. निखारा टाचेला चिकटून वर आला. त्यांनी तो हातानं काढून फेकला आणि वाफेकडं बघून म्हणाले, "उतरा रं."

गूळ फक्कड झाला त्या दिवशी. आणि गडी काय म्हणाले असतील? "आरं गुळव्या हाय का मारुती!" चुलवाणावरचा माणूस हात जोडून म्हणाला, पायात निखारा रुतला तरी पाकावरची नजर ढळली नाही, याला म्हणायचं गुळव्या. दोन दिवसांत ही गोष्ट पलूसपर्यंत गेली. लोक आबांचा पाय बघायला यायचे. आबा खाटेवर बसून टाच दाखवायचे, आणि खरं सांगते, त्यांच्या तोंडावर अभिमान असायचा. मी तिथंच उभी असायची. मला त्या जळल्या मांसाचा वास विसरता येत नव्हता. ज्याला निखारा कळत नाही तो पाय आहे की लाकूड? मी आईला म्हणाले, "आये, आबास्नी कळलं कसं न्हाई?" आई म्हणाली, "धेन हुतं कामाकडं. तू नको काय बाय बोलूस."

जखमेला दगडी पाल्याचा रस लावला, हळद भरली, फडकं बांधलं. आमच्याकडं कोयता लागो, कुऱ्हाड लागो, दगडी पाल्यानं खपली धरतेच. ही धरेना. वरून सुकल्यासारखी दिसायची, दाबलं की आतून पाणी. आबा त्याच पायानं, फडकं बांधून, रोज गुऱ्हाळावर उभे. चप्पल घालायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणाले, निदान गुऱ्हाळात तरी जोडा घाला. तर म्हणाले, "गुळापुढं जोडा घालून हुबा र्‍हाऊ? येडी का काय?" पण हंगाम अर्ध्यात सोडून द्या म्हटलं तर तेही नाही. लोकांचा ऊस तोडून पडलेला, शब्द दिलेला. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन टोचलं, गोळ्या दिल्या, म्हणाला भरून येईल. शिमगा झाला, गुऱ्हाळं विझली, आणि आबांची टाच काळी पडली. घरात शिरलं की वास यायचा. आई उदबत्ती लावायची. आबांनाच तेवढा वास येत नव्हता, किंवा येत नाही असं ते म्हणायचे.

शेवटी मीच मामाला निरोप धाडला. मामा आला, जीप ठरवून आबांना सांगलीला घेऊन गेला. मी बरोबर गेले, कारण आई उंबऱ्यावरून उठेना.

सांगलीच्या त्या दवाखान्यात एका टेबलावर काचेच्या नळ्या होत्या आणि स्पिरिटचा दिवा. तिथल्या माणसानं एका नळीत निळं औषध घेतलं, आबांच्या लघवीचे थेंब त्यात टाकले, आणि चिमट्यात धरून नळी दिव्यावर धरली. आबा बाकावर पाय लांब करून बसले होते. नळी तापायला लागली तसे ते पुढं सरकले. त्यांची नजर मी ओळखली. काहिलीपुढं असायची तीच. औषध उकळलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी नळीत विटकरी गाळ बसला. घट्ट, भट्टीतून काढल्यासारखा.

तो माणूस काही बोलायच्या आतच आबा म्हणाले, "झाला की हो पाक." आणि मान खाली घातली. मामानं तोंड फिरवलं. मी रडले नाही तिथं. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत आले.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी आबांना विचारलं, "तहान कधीपासून? वजन कधीपासून उतरलं? पाय आधी आग करत होते का? मग एकदम थांबले का?" प्रत्येक प्रश्नाला आबा हो म्हणत होते आणि प्रत्येक हो बरोबर माझ्या डोळ्यांपुढं आमचं घर येत होतं. कळशी, मुंग्या, काशाची वाटी, शिरा. सगळं आमच्या पुढ्यात होतं. एकेक करून रोगानं सांगितलं होतं की मी आलोय, आणि आम्ही एकेकाला पाट मांडून बसवलं होतं.

"थोडं आधी आला असता तर पाय वाचला असता," डॉक्टर म्हणाले. "आता गुडघ्याखाली काढावा लागेल. नाहीतर माणूस जाईल."

आबांनी मामाकडं बघितलं. "पाय गेला तर काईलीपुढं हुबा कसा र्‍हाऊ रं?"

मामा म्हणाला, "दाजी, तुमी र्‍हावा. हुबं र्‍हायाचं मागनं बघू."

त्यावर आबा लहान पोरासारखे रडले. बाप रडताना मी पहिल्यांदा बघितलं आणि देवाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. वॉर्डातल्या बाया बघायला लागल्या.

पाय काढला. घरी आणताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत पसरून आणला बापाला. निघायच्या आधी डॉक्टरांनी मला समोर बसवलं. सुई कशी उकळायची, इंजेक्शन कुठं टोचायचं, निळ्या औषधात लघवी कशी तपासायची, सगळं शिकवलं. इंजेक्शनची बाटली गार ठेवायला माठाशेजारी ओल्या वाळूत मडकं पुरायचं सांगितलं. आणि म्हणाले, "डाव्या पायाला जप. रोज तळवा बघ, बोटांच्या बेचक्यात बघ. चप्पल घातल्याशिवाय जमिनीला पाय लागता कामा नये. आणि पाय धुताना त्यांना विचारत जा, पाणी ऊन आहे का गार. आधी तुझा हात घालून बघ, मग त्यांचा पाय. ज्या दिवशी त्यांना सांगता येणार नाही, त्या दिवशी समज, हाही पाय त्याच वाटेला लागला."

मी तिथंच मनाशी म्हणाले, हा पाय मी जाऊ देणार नाही. काय वाटेल ते होऊ दे. माझं लग्न ठरायचं होतं, पाहुणे बघून जात होते, पण मी आईला सांगून टाकलं, हंगाम येऊन जाईपर्यंत माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही.

रोज सकाळी घमेल्यात पाणी घ्यायची. कधी ऊन, कधी कोमट, कधी गार. आबांचा डावा पाय त्यात ठेवायची आणि विचारायची, "आबा, कसं हाय?" आबा थोडा वेळ बघायचे आणि सांगायचे, "कोमट हाय." "आज ऊन घेतलंस गं." "गार." कधी चुकायचे नाहीत. एकदाही नाही. मला किती धीर आला होता म्हणून सांगू! घर मेल्यासारखं झालं होतं. आई बोलायची बंद झाली होती, आबा दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी मात्र रोज सकाळी तेवढ्या एका उत्तरावर दिवस काढायची.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळं पेटली. वास वाऱ्यावर घरापर्यंत यायचा. आबा उठून बसायचे. आणि मग सुरू झालं एक भलतंच. ज्यांच्या ज्यांच्या गुऱ्हाळावर आबांनी गूळ केला होता, ते सगळे शेतकरी पहिल्या काहिलीची ढेप घेऊन दारात यायला लागले. मान म्हणून. "गुळव्याशिवाय पयला गूळ कुनाला द्याचा?" सोप्यात ढेपांची चळत लागली. गुळाच्या पायी पाय गेलेल्या माणसापुढं गूळ! मी दारातच म्हणायची, "परत न्या." ते ओशाळायचे, आणि तरी ठेवून जायचे. आबा प्रत्येक ढेप मांडीवर घ्यायचे, वास घ्यायचे, नखानं कणी काढून बघायचे, सांगायचे, "ह्यो जरा आदी उतरवला," "ह्यो बरा हाय." एके दिवशी नळीत विटकरी रंग आला. मी नळी तशीच घेऊन त्यांच्यापुढं गेले.

"खाल्लासा न्हवं?"

"व्हय," म्हणाले. सरळ. "येक खडा. रागावू नगंस पोरी. मला दुसरं येतंय काय?"

 मी सगळ्या ढेपा उचलून शेजाऱ्यांच्या दारात टाकून आले.

मग एक दिवस बैलगाडी आली. खालच्या आळीतला एक जुना शेतकरी, आबांना घेऊन जायला. म्हणाला, "उभं र्‍हाऊ नका. काईलीजवळ खाट टाकतो, वाफ बघा आनि नुसतं सांगा. नवा गुळव्या रोज गूळ बिघडवतोय." आबांच्या तोंडावर जे आलं ते मी वर्षभरात बघितलं नव्हतं. आईनं डोळे पुसले आणि त्यांचा धुवट सदरा काढला. मला म्हणाली, "जाऊ दे गं एकडाव."

"चप्पल काढायची न्हाई," मी म्हणाले. "तिथं कुनी काय बी म्हनू दे."

"येकच तर पाय हाय. येक चप्पल काढली तर काय हुतंय?" आबा म्हणाले, आणि स्वतःच हसले. किती दिवसांनी हसले होते.

"काढायची न्हाई म्हंजे न्हाई. आनि आदी पाय धुऊन बघू द्या."

थंडी पडली होती. मी ऊन पाणी घेतलं, हात घालून बघितला, त्यांचा पाय घमेल्यात ठेवला. "कसं हाय?" म्हणून वर बघितलं. आबांची नजर पायावर नव्हती. घमेल्यावरनं वर चढणाऱ्या वाफेवर होती. डोळे बारीक केलेले, मान जराशी तिरकी.

"ऊन हाय," ते म्हणाले.

 मी म्हणाले, "आबा, डोळं मिटा."

"कशाला गं?"

"मिटा म्हंते न्हवं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.  मग मिटले. मी घमेलं हळूच ओतून टाकलं, माठातलं पाणी आणलं. एवढं गार की माझी बोटं ठणकली. त्यात त्यांचा पाय ठेवला, दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"सांगा आता."

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. आई गाडीवाल्याला पाणी देत होती. आबांचे ओठ हलले. त्यांनी नाकानं हळूच श्वास ओढला, वाफेचा वास येतो का बघत. मग चेहरा हसरा केला.

"चांगलं ऊन हाय, पोरी. लय बरं वाटलं बघ."

 गार पाण्यात माझे हात बधिर झाले होते आणि त्यांचा पाय मी तसाच धरून बसले होते.

"उघडू का गं डोळं?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं.